वारूळ : एक छायाचित्र आणि एक दुरुस्ती

गेल्या वर्षीच्या वार्षिकात शेवटच्या पानांत माझे एक छायाचित्र छापून आले होते. सिंधुदुर्गातील एका गावी, काजूच्या बागेच्या कडेला उभे असलेले सहा फूट उंचीचे वारूळ. त्याखाली मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते : 'निसर्गाची वातानुकूलन यंत्रणा. शेंड्यावरील भोकातून आतली गरम हवा धुराड्याप्रमाणे बाहेर पडते.'

अंक वाटला गेल्यावर आठ-दहा दिवसांनी तृतीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी अंक घेऊन माझ्याकडे आली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "सर, भोक कुठे आहे?"

मी बोट ठेवून दाखवले. शेंड्याच्या थोडे खाली एक काळा ठिपका होता. तिने चित्र डोळ्यांजवळ नेले, पुन्हा दूर धरले आणि म्हणाली, "ही सावली वाटते." त्यावर मी काहीतरी उत्तर दिले, ते आता आठवत नाही. आठवते ते एवढेच की, त्या संध्याकाळी घरी मूळ चित्र संगणकावर मोठे करून पाहिले, तेव्हा ती सावलीच निघाली. दुपारी साडेबाराच्या उन्हात मातीच्या एका पुढे आलेल्या कंगोऱ्याखाली पडलेली ती सावली होती. भोक कुठेच नव्हते. चित्र माझे, डोळे माझे. पण मी जे पाहिले ते चित्रात नव्हते, कोठेतरी वाचलेल्या वाक्यात होते.

प्रस्तुत लेख ही त्या ओळीची दुरुस्ती आहे. चार ओळींची चूक दुरुस्त करायला चार पाने कशाला, असे कोणी विचारील. परंतु ही चूक दुरुस्त करताना मला छायाचित्रणाचे जे धडे मिळाले ते आपल्या छायाचित्र मंडळातील विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वारूळ कोणाचे?

आपल्याकडे वारूळ म्हटले की नाग आठवतो. नागपंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहिल्या जातात. वाल्मीकी हे नावच 'वल्मीक' म्हणजे वारूळ या शब्दावरून आले. दक्षिण कोकणात आणि गोव्यात तर सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपातच होते. कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी किंवा मूर्तीबरोबर वारूळ असते. गोव्याकडे वारुळाला 'रोयण' म्हणतात आणि पावसाळ्यात त्यावर उगवणारी अळंबी बाजारात चांगल्या भावाने विकली जातात. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूजलाच्या खुणा सांगणारा एक अध्याय लिहिला, त्यातही वारुळाचा उल्लेख जमिनीखालच्या पाण्याची खूण म्हणून वारंवार येतो.

पण वारूळ नाग बांधत नाही. रिकाम्या किंवा मोडक्या वारुळात तो आयता राहायला येतो, एवढेच. बांधणारी असते वाळवी. तिला 'पांढरी मुंगी' म्हणण्याची पद्धत आहे, पण तीही चुकीची. वाळवीचे खरे नाते झुरळांच्या कुळाशी आहे. आपल्या भागात उंच, उभ्या कंगोऱ्यांची, देवळाच्या शिखरासारखी दिसणारी जी वारुळे आढळतात ती बहुधा 'ओडोंटोटर्मिस ओबेसस' या जातीच्या वाळवीची असतात.

ही वाळवी शेतकरी आहे. सुकलेले गवत, पाचोळा, लाकूड चघळून ती घरी आणते आणि त्यापासून स्पंजासारख्या पोकळ गड्ड्या तयार करते. त्यांवर ती एका विशिष्ट बुरशीची लागवड करते. ही बुरशी लाकडातील पचायला जड भाग मऊ करते आणि मग ते अन्न वसाहतीच्या कामी येते. पावसाळ्यात वर येणारी रोयणीची अळंबी म्हणजे याच बुरशीची फुले म्हणा ना! राणी, पिल्ले, कामकरी, सैनिक आणि ही बुरशीची शेते हा सगळा संसार जमिनीच्या पातळीला आणि तिच्या खाली असतो. वर दिसणारी माती हे राहण्याचे घर नव्हेच. तिच्यात बव्हंशी असतात त्या पोकळ वाटा.

आता प्रश्न असा येतो की, लाखोंच्या संख्येने कीटक आणि त्यांच्याबरोबर बुरशी, हे सारे अहोरात्र श्वासोच्छ्वास करीत असताना, चोहोबाजूंनी बंद मातीखाली त्यांचा जीव गुदमरत कसा नाही? मी ज्याला भोक समजलो ते नसेल, तर हवा खेळते कशी?

दुसरी फेरी

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पुन्हा त्या गावी गेलो. वारूळ ज्यांच्या बागेत आहे ते गृहस्थ माझ्या मामांचे शेजारी. या वेळी त्यांच्या बोलण्यात एक नवी अडचण निघाली. बागेत टेम्पो जावा म्हणून त्यांना रस्ता काढायचा होता, आणि वारूळ नेमके रस्त्याच्या रेषेत येत होते. यंत्र दोन दिवसांनी यायचे होते. ते म्हणाले, "मास्तरांनू, जित्ता वारूळ मोडूचा नाय, असा आवशीचा म्हणना. पण ह्या जित्ता आसा की मेलेला, ता तुमीच सांगा. तुमी फोटो काढतास."

फोटो काढतो म्हणून मला वारुळाची नाडी कळावी, हा त्यांचा तर्क. मी वारुळाला तीन प्रदक्षिणा घातल्या. बाहेर एक वाळवी दिसेल तर शपथ! माती कोरडी, टणक, निर्जीव. खरे सांगायचे तर मला काहीच सांगता येईना. गेल्या वर्षी याच वारुळाच्या श्वासाबद्दल मी छापील विधान केले होते, आणि आज ते जिवंत आहे की नाही, एवढेही मला ठाऊक नव्हते.

तेव्हा ठरवले, निदान या वेळी आधी नीट पाहायचे आणि मग बोलायचे. त्या दोन-तीन दिवसांत जे केले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट प्रकाशाची. माध्यान्हीचे ऊन डोक्यावरून येते; त्यात उभे कंगोरे सपाट दिसतात आणि आडवे खळगे मात्र काळेकुट्ट होतात. माझे 'भोक' असेच जन्मले होते. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास ऊन तिरपे येते, तेव्हा प्रत्येक कंगोऱ्याची एक कड उजळते व दुसरी सावलीत जाते आणि वारुळाचा आकार प्रथमच डोळ्यांत भरतो. मी मोजले, कंगोरे नऊ होते. गेल्या वर्षीच्या चित्रात मला तीनच दिसले होते. शंकास्पद जागा मात्र ढगाळ प्रकाशात, किंवा ढग नसेल तर छत्रीची सावली धरून पुन्हा टिपावी. सावलीत जे नाहीसे होते ते भोक नसते.

दुसरी गोष्ट उंचीची. खाली बसून, रुंद कोनाच्या भिंगाने वर पाहत चित्र काढले की वारूळ कुतुबमिनारासारखे भव्य दिसते. असा मोह सर्वांनाच होतो, मलाही झाला होता. पण त्यात शेंडा अकारण निमुळता होतो आणि प्रमाण बिघडते. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून वारुळाच्या निम्म्या उंचीला आणावा, थोडे मागे सरावे आणि छिद्र लहान ठेवावे. मी अकरावर ठेवले होते. त्यामुळे जवळच्या कंगोऱ्यापासून मागच्या कडेपर्यंत सारे स्पष्ट येते.

तिसरी गोष्ट मापाची. मोजपट्टी नसेल तर चित्र मुके राहते. मी सुताराची घडीची पट्टी वारुळाला न टेकवता शेजारी उभी केली. ती नसेल तर छत्री, कोयता, काहीही चालेल. मात्र त्याची लांबी वहीत लिहून ठेवली पाहिजे.

चौथी गोष्ट दिशांची. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा चारही बाजूंनी, सारख्याच अंतरावरून, कॅमेऱ्याची तीच मांडणी ठेवून चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकाची वेळ लिहावी. एक सुंदर चित्र पाहणाऱ्याला आवडते. चार साधी चित्रे एकमेकांना तपासतात. चारही बाजू आणि शेंडा तपासल्यावर माझी खात्री झाली, की या वारुळाला बाहेर उघडणारे एकही धुराडे नाही.

म्हशीचा उपकार

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मी तिकाटणे लावीत असताना चरायला सोडलेली एक म्हैस आली आणि तिने वारुळाच्या पूर्वेकडील कंगोऱ्यावर मनसोक्त शिंगे घासली. वीतभर मातीचा ढलपा खाली पडला. मी हातातील काम टाकून धावलो. ढलपा निघालेल्या जागी कंगोऱ्याच्या आत एक उभी पोकळ वाट दिसत होती. तिच्यात माझी दोन बोटे गेली असती. वरची मातीची भिंत अगदी पातळ होती. म्हणजे कंगोरा हा नुसता आधाराचा पुस्ता नव्हे. ती आतून पोकळ नळी आहे!

मला एक प्रयोग सुचला. मामांच्या देवघरातून उदबत्ती आणली, पेटवून त्या उघड्या वाटेपाशी धरली. धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो, हे पाहायचे होते. धूर कधी इकडे गेला, कधी तिकडे गेला. बागेतला वारा त्याला खेळवीत होता. त्यातून काहीएक सिद्ध झाले नाही. सिद्ध झाले ते वेगळेच. मागे वळून पाहतो तो त्या गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री काठी टेकीत येऊन उभ्या. वारुळापाशी उदबत्ती पाहून त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, "बरा केलंस, झिला." मी शास्त्रीय प्रयोग करीत होतो हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. उदबत्ती तिथेच मातीत खोचली.

त्यानंतर मात्र मी जागचा हललो नाही. कॅमेरा त्या जखमेवर रोखून ठेवला, मांडणी पक्की केली आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत गेलो. थोड्या वेळाने कडेवर मोठ्या डोक्याचे सैनिक आले आणि जबडे उघडून उभे राहिले. मग त्यांच्या मागून कामकरी वाळवी आली. प्रत्येकीच्या तोंडात मातीचा ओला कण. तो कण कडेला चिकटवायचा, मागे फिरायचे, की दुसरी पुढे. अकरा वाजता कडेभोवती गडद ओल्या मातीची किनार दिसू लागली. संध्याकाळपर्यंत ती किनार बरीच आत सरकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाट पूर्ण बंद झालेली होती आणि जुन्या फिकट तांबड्या मातीवर नवी काळसर माती ठिगळासारखी दिसत होती.

मी ती सगळी चित्रे कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकामागून एक त्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. मग आईला बोलावून तिलाही दाखवली. वर्गात मी जे कोणाला पटवून देऊ शकलो नसतो ते सहा साध्या चित्रांनी पटवले. वारूळ जिते होते. त्याच दुपारी त्यांनी खुंट्या उपटून रस्त्याची रेषा चार हात बाजूला घेतली. एक काजूचे कलम गेले, वारूळ राहिले.

हवा खेळते कशी?

माझे चित्र येथवरच पोचू शकते. हवा चित्रात दिसत नाही. तिच्यासाठी ज्यांनी मोजमापे केली त्यांच्याकडे गेले पाहिजे.

1961 साली मार्टिन ल्यूशर या स्विस कीटकशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील मोठ्या वारुळांबद्दल एक उपपत्ती मांडली. आतील कीटकांच्या व बुरशीच्या उष्णतेने हवा तापून वर चढते, कंगोऱ्यांच्या नळ्यांतून खाली उतरते आणि उतरताना पातळ भिंतींतून वायूंची देवाणघेवाण होते, असा तिचा आशय. दुसरी उपपत्ती उघड्या धुराड्यांची. काही जातींची वारुळे खरोखरच वरून उघडी असतात आणि त्यांच्यावरून वाहणारा वारा आतील हवा ओढून घेतो. मी गेल्या वर्षी या दोन्हींची खिचडी करून ती एका बंद वारुळावर ओतली होती.

आपल्याकडच्या 'ओडोंटोटर्मिस ओबेसस'च्या वारुळांचा प्रत्यक्ष अभ्यास हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी बेंगळुरू येथील वारुळांवर केला व तो 2015 साली प्रसिद्ध झाला. वारुळात जिप्सम ओतून, ते घट्ट झाल्यावर बाहेरची माती धुऊन काढून त्यांनी आतील पोकळ्यांचा साचा मिळवला. मध्यभागी एक मोठी उभी पोकळी, भोवती कंगोऱ्यांतील अरुंद उभ्या वाटा आणि हे सगळे एकमेकांस जोडलेले, अशी ती रचना. मग त्यांनी आतील हवेचा वेग आणि तापमान दिवसा व रात्री मोजले. हवेचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर, म्हणजे अगदी मंद निघाला. पण त्याची दिशा दिवसा एक आणि रात्री तिच्या उलट!

याचे कारण समजायला सोपे आहे. कंगोऱ्याची भिंत पातळ, म्हणून ती सकाळी उन्हाने लवकर तापते. मधला भाग जाड मातीच्या आड असल्याने थंड राहतो. गरम हवा हलकी. तेव्हा दिवसा कंगोऱ्यांच्या वाटांतून हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. सूर्य मावळला की पातळ कंगोरे लवकर निवतात, पण मधला भाग दिवसभराची ऊब धरून असतो. मग मधून हवा वर चढते आणि कंगोऱ्यांतून खाली येते. खालच्या वस्तीत साचलेला कार्बन डायऑक्साइड या फिरत्या हवेबरोबर वर येतो आणि मातीच्या सच्छिद्र भिंतीतून बाहेर झिरपतो. प्राणवायू त्याच वाटेने आत येतो. वस्तीतील कार्बन डायऑक्साइड दिवसा साठतो आणि रात्री उतरतो, असेही त्यांना आढळले.

आपल्या घरी उन्हाळ्यात हे अनुभवास येते. पत्र्याची पडवी सकाळी दहालाच तापते आणि रात्री आठला गार होते. मातीच्या जाड भिंतीची माजघरे दुपारी गार असतात, पण रात्री उशिरापर्यंत उबदार राहतात. वारूळ ही पडवी आणि हे माजघर एकाच घरात बांधते आणि त्यांच्यातील फरकावर हवा फिरवते. वाऱ्याची गरज नाही, भोकाची गरज नाही. माणूस मिनिटाला पंधरा-सोळा वेळा श्वास घेतो. वारुळाचा एक श्वास पुरा व्हायला एक दिवस आणि एक रात्र लागते. दुपारी साडेबाराला एक चित्र काढून तो मला कसा कळावा?

येथे एका इमारतीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. झिंबाब्वेतील हरारे शहरी वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी रचलेले 'ईस्टगेट सेंटर' 1996 साली पूर्ण झाले. वारुळापासून स्फूर्ती घेऊन उभारलेली इमारत म्हणून ती जगभर नावाजली गेली. रात्रीची गार हवा आत खेळवून जाड बांधकाम थंड करायचे आणि तो थंडावा दिवसा वापरायचा, हे तिचे तत्त्व. मात्र तिला हवा खेळवण्यासाठी पंखे लागतात. स्फूर्ती मिळाली तेव्हा वारुळाविषयीची समजूत जुनी होती, तरी इमारत कामाची ठरली. याचा अर्थ चुकीची समजूत चालते असा नव्हे. जाड भिंत उष्णता धरून ठेवते, हा भाग त्या जुन्या समजुतीतही खरा होता आणि इमारत त्या भागावर उभी आहे. समजुतीतील कोणता भाग खरा, हे तपासून घ्यावे लागते.

विद्यार्थ्यांसाठी चार शब्द

हे वाचून कोणी वारुळाचे चित्र काढायला निघाले तर मला आनंद होईल. पण काही पथ्ये पाळावीत. वारूळ स्वतः फोडू नये; निसर्ग, पाऊस आणि म्हशी ते काम वेळोवेळी करीत असतात. वारुळात साप असू शकतो, म्हणून भोकात हात घालू नये आणि भोवतीच्या गवतात पायांत बूट घालूनच जावे. जेथे पूजा होते तेथे आधी विचारावे. आणि चित्राखालची ओळ लिहिण्यापूर्वी, त्या ओळीतील प्रत्येक गोष्ट चित्रात बोट ठेवून दाखवता येते का, हे स्वतःला विचारावे. जी दाखवता येत नाही ती कोणी मोजली आहे ते शोधावे; कोणी मोजली नसेल तर ती ओळ खोडावी.

ज्या विद्यार्थिनीने मला तो प्रश्न विचारला ती आता महाविद्यालयातून बाहेर पडली आहे. हा अंक तिच्याकडे पोचेल अशी व्यवस्था मी केली आहे. या लेखासोबत छापलेले चित्र सकाळी पावणेआठ वाजता, पूर्वेकडून काढलेले आहे. शेजारची घडीची पट्टी एक मीटरची आहे. उजवीकडून दुसऱ्या कंगोऱ्यावर जे गडद ठिगळ दिसते ती सावली नाही. ती नवी माती आहे. मी छत्री धरून तपासली आहे.